उरलेला दाणा मिस्त्रीचा

विश्वंभर भापकरबद्दल कोणी विचारलं असतं, तर होळीपर्यंत मी एवढंच सांगितलं असतं की माणूस कामाचा आहे, पण ओरडून बोलतो आणि चहा बशीत ओतून पितो. आता कोणी विचारलं तर आधी मला बसायला काहीतरी लागतं. सहासष्ट वर्षांची बाई मी. नवरा गेला तेव्हाही उभ्या उभ्या सगळं निभावलं, आणि एका फरशी घासणाऱ्याच्या दारात मात्र खाली बसावं लागलं.

सुरुवात नळवाल्यापासून झाली.

आमचं घर झाँसीत, सदर बाजाराच्या मागे, मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. हॉलला चिप्सची फरशी आहे. महाराष्ट्रातले पाहुणे तिला मोझॅक म्हणतात. दगडाचे दाणे सिमेंटात कालवून जागच्या जागी ओतायचे आणि वाळलं की घासत बसायचं, तोंड दिसेपर्यंत. काचेच्या पट्ट्यांनी आखलेले दोन-दोन फुटांचे चौपन्न खण आहेत. त्यात एक हिरवट दाणा आहे, ज्याची खाण कधीच बंद झाली, आणि मधून मधून शिंपल्याचे तुकडे. मामंजींनी ही फरशी बासष्ट साली तानाजी मिस्त्रींकडून घालून घेतली. तानाजी म्हणजे विश्वंभरचे वडील.

फेब्रुवारीत भिंतीला ओल आली म्हणून नळवाला बोलावला. "जरा सा तोड़ना पड़ेगा, अम्मा जी," म्हणाला. मी 'हो' म्हणून भाजीला गेले. परत येऊन बघते तर हॉलच्या बरोब्बर मध्ये खड्डा. एक अख्खा खण चुरा करून त्याने गोणीत भरला होता आणि गोणी नाल्यावर टाकूनही आला होता. पाइप सापडल्याच्या आनंदात होता मेला. माझी वाचाच बसली. ती उठली तेव्हा मात्र गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली.

खड्ड्याचा फोटो काढून मी अक्षतला पाठवला. अक्षत माझा मुलगा, गुरुग्रामला असतो. त्याला निमित्तच हवं होतं. दोन वर्षं तो मागे लागला होता की हे सगळं झाकून वर मोठमोठ्या पांढऱ्या टाइल्स बसवू या.

"आई, अब बस," तो म्हणाला. "एक खण गेला म्हणजे फरशी गेली. ठिगळ लावून ती कशी दिसेल?"

"दिसणार नाही ठिगळ," मी म्हटलं.

"मग पैज. मी होळीला येतो. अनवाणी फिरून शोधेन. मला ठिगळ सापडलं नाही तर टाइल्स कॅन्सल. सापडलं तर दुसऱ्या दिवशी टाइलवाला येईल, आणि तू अडवायचं नाहीस."

पोटचा पोरगा, पण हिशेबी. मी पैज घेतली. फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर बघितलं. होळीला चारच आठवडे होते आणि झाँसीत असलं काम करणारा एकच माणूस उरलाय.

विश्वंभर अठ्ठावन्न वर्षांचा. खंडेराव गेटच्या आत, वळणावरच्या गल्लीत राहतो. घरात मराठी, बाहेर बुंदेली, आणि शहरभर त्याचं नाव 'बिसंभर'. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. तो स्वतःच सांगतो, "ते घोड्यावर बसून आले, ताई, आणि आम्ही गुडघ्यावर बसून दिवस काढतोय." गुडघे बघितले तर काळे, कातड्याच्या चपलेसारखे. घिसाईच्या, म्हणजे फरशी घासायच्या, मशीनपायी डावा कान पूर्ण गेलाय, म्हणून ओरडतो. काम संपलं की डोळे मिटून अनवाणी फरशीवर फिरतो. कुठे केसभर उंचवटा असला तर तळपायाला कळतो. छावणीतल्या बंगल्यांच्या व्हरांड्यांपासून वकिलांच्या दिवाणखान्यांपर्यंत अर्ध्या शहराची जुनी फरशी त्याने जगवली आहे.

"आता मला फोडायला बोलावतात," खड्ड्यापाशी उकिडवं बसत तो म्हणाला. "वर नवी टाइल धरत नाही म्हणून जुनी फोडून द्या म्हणतात. मी जात नाही."

मी त्याला पैजेचं सांगितलं. त्याने खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाबांच्या हातची मोठी फरशी आता ही एकच. बाकीच्या गेल्या, नाहीतर टाइल्सखाली मेल्या. ही नाही झाकू द्यायची, ताई."

म्हणजे जीव दोघांचाही त्याच खड्ड्यात अडकला होता.

कामाला लागताना तो गप्पा मारायचा. त्याच गप्पांत त्याने मला सगळं सांगून टाकलं होतं, मीच शहाणी ऐकत नव्हते. म्हणाला, त्यांच्या धंद्यात रीत होती. घरमालक दाणा आणून द्यायचा आणि फरशी झाली की जो काही उरेल तो मिस्त्रीचा. 'उरलेला दाणा मिस्त्रीचा.' मागायचा नाही, विचारायचा नाही, डब्यात भरून न्यायचा. "आमच्या घरात अख्खी झाँसी आहे," तो हसून म्हणाला होता. मला वाटलं, डबे भरून ठेवले असतील माळ्यावर. मी म्हटलं, "बरं, ते राहू दे, चहा गार होतोय."

पहिल्या वेळी त्याने खड्डा नव्या दाण्याने भरला. पाच दिवस ओला ठेवला, मग घासला. बघितला तर हिरवा पोपटी आला होता. मी म्हटलं, "हे काय आहे? आंधळ्यालाही दिसेल." त्याने तो लगेच फोडला.

दुसऱ्या वेळी कुठल्याशा पडक्या बंगल्यातल्या फरशीचे तुकडे आणून भरले. रंग जवळपास जमला, पण शिंपला नव्हता. मी संध्याकाळच्या उन्हात तिरकी बसून बघितलं आणि म्हटलं, "नाही."

मी पस्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात फायली तपासल्या आहेत. चूक शोधणं हा माझा धंदाच होता, आणि रिटायर झाले म्हणून खोड गेलेली नाही. तिसऱ्या वेळी त्याने शिंपलेही घातले. गुडघ्यावर बसून दोन दिवस हाताने बट्टी, म्हणजे घासायचा दगड, फिरवली, कारण मशीनने कडा मारल्या जातात. खण छान झाला होता. कोणीही छान म्हटलं असतं. पण सिमेंट नवं होतं, आणि साठ वर्षांच्या पिवळसर पांढऱ्यात ते भुतासारखं दिसत होतं. होळीला नऊ दिवस उरले होते. माझं डोकं फिरलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"विश्वंभर," मी म्हटलं, "तुझ्या बापाने चौपन्न खण घातले, तुला एक जमेना. नाव घालवलंस त्यांचं."

मला वाटलं, डावा कान माझ्याकडे होता, ऐकूच आलं नसेल. त्याने बट्टी पाण्यात बुडवून धुतली, फडक्यात गुंडाळली, चप्पल घातली आणि गेला. बशीतला चहा तसाच राहिला.

दोन दिवस त्याचा पत्ता नाही, फोन बंद. मी मनात टाइल्सचा रंग निवडायला लागले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात ई-रिक्षा थांबली. त्याने आणि रिक्षावाल्याने मिळून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड, चपटं उतरवलं. विश्वंभरचे डोळे लाल होते.

"ताई, दुपारपर्यंत हॉलमध्ये येऊ नका," तो म्हणाला. त्या दिवशी तो ओरडला नाही.

दुपारी त्याने हाक मारली. मी आत गेले आणि दारातच थांबले. खड्डा नव्हता. हिरवा तोच, शिंपला तोच, पांढऱ्यातलं पिवळं तेच. चारी बाजूंनी काचेची पट्टी असल्यामुळे सांधासुद्धा नाही. पुढचे चार दिवस त्याने हॉल एकसारखा घासून पॉलिश केला, आणि शेवटी मी स्वतः खड्डा कुठे होता ते मोजून काढायला लागले, तर दोनदा चुकले.

"कुठून आणलंस रे?"

"बाबांचा उरलेला," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारणारी मी. पुढचा प्रश्न विचारला नाही. हवं ते मिळालं होतं ना!

अक्षत होळीला आला. बूट-मोजे काढले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि रांगायला लागला. सून शिवांगी दुसऱ्या टोकाकडून. पाऊण तास नवरा-बायको हॉलभर रांगत होते, आणि मी पुरण वाटत स्वैपाकघराच्या दारातून मजा बघत होते. त्याने तीन खणांवर बोट ठेवलं, तिन्ही मूळचेच निघाले. शेवटी भिंतीला टेकून बसला आणि टाइलवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. "आई, हा माणूस जादूगार आहे," म्हणाला. माझी छाती अशी फुगली, जसा काही खण मीच बसवला होता.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी डब्यात पुरणपोळ्या घेतल्या आणि खंडेराव गेटला गेले. इतक्या वर्षांत त्याच्या घरी मी कधी गेले नव्हते. म्हटलं, तोंडाने वाईट बोललो, तोंड गोड करून येऊ.

दार लीलाने उघडलं, विश्वंभरच्या बायकोने. बारीक चणीची, डोळ्याखाली काळं. मी "या होळीला तुमच्या यजमानांनी" असं काहीतरी सुरू करत उंबऱ्यातून पाय उचलला, तर तिने हात आडवा धरला.

"थांबा ताई. तिथे ओलं आहे."

उंबऱ्याला लागूनच आत एका चौकोनावर भिजवलेलं गोणपाट अंथरलं होतं. त्याला टाळून मी पलीकडे पाय टाकला, मग वर बघितलं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही सवय जात नाही. म्हणून आधी त्याच्या घरची फरशी बघितली.

फरशी नव्हतीच. म्हणजे काचेच्या पट्ट्या होत्या, दोन-दोन फुटांचे खण आखलेले होते, पण खणांत नुसतं काळं सिमेंट. ओबडधोबड, घासलेलंसुद्धा नाही. अख्ख्या शहराच्या फरश्यांना आरसा करणारा माणूस, आणि त्याच्या घरात गोठ्यासारखी जमीन. मधूनच चार-पाच खण रंगीत होते. एक लाल, एक काळा-पांढरा, एक फिकट गुलाबी, प्रत्येक वेगळा.

"हे काय?" मी विचारलं.

"ही सासऱ्यांची फरशी," लीला म्हणाली. "ज्या घरचं काम करायचे, तिथला उरलेला दाणा आणून एक खण घालायचे. एकवीस खण, एकवीस घरांचे." मग ती सिमेंटच्या एकेका चौकोनाकडे बोट दाखवत सांगायला लागली, सासरी गेलेल्या मुलींची नावं घ्यावीत तशी. "हा भागवत वकिलांकडे गेला. हा छावणीत, सात नंबरच्या बंगल्यात. हा शाळेच्या पायरीला. कुठे खड्डा पडला की हे येऊन इथला काढून नेतात. तोच दाणा, तेच सिमेंट, तितकंच जुनं. जुळणारच."

"आणि हे रंगीत?"

"त्यांची घरं पाडली. ते मागायला कोणी येत नाही."

माझ्या हातातला डबा जड झाला. उंबऱ्याशी गोणपाट होतं, त्याच्याकडे बघायचं धाडस होईना. पण विचारावं लागलंच नाही.

"हा तुमच्याकडे गेला," ती म्हणाली. "बासष्ट सालचं तुमचं घर सासऱ्यांचं पहिलं मोठं काम. म्हणून पहिला खण, उंबऱ्यातून आत आलं की लगेच."

मी खाली बसले. खुर्ची दिसत होती, पण तिथवर जाववेना. तिथेच सिमेंटवर बसले.

लीला माझ्यासमोर बसली. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. "माझं लग्न झालं तेव्हा ह्याच खणावर तांदळाचं माप ठेवलं होतं. ते लवंडून पहिलं पाऊल टाकलं ते ह्याच्यावर. बत्तीस वर्षं रोज सकाळी हा पुसून मग बाकीचं घर. एकेक खण जायला लागला तेव्हा मी काही म्हटलं नाही. कामच ते त्यांचं. एवढंच म्हटलं होतं की हा एक काढायचा नाही. देवापुढे शब्द दिला होता त्यांनी मला. मी आठ दिवस बबीनाला दीप्तीकडे, लेकीकडे गेले होते. परत आले तर दारात खड्डा. पाय आत टाकायला जागा नव्हती."

मागच्या खोलीच्या दारात विश्वंभर येऊन उभा होता. मला बघून त्याने मान खाली घातली. मला वाटलं होतं, तो चिडेल, निदान मला दोष देईल.

"ताई बरोबर बोलल्या होत्या," तो म्हणाला. "मला जमलं नाही. बाबांचं नाव जात होतं. खण बाबांचाच, तो त्यांच्याच फरशीत गेला. दुसऱ्या कोणाला नाही दिला."

"त्यांना सांगा ताई," लीला माझ्याकडे बघतच म्हणाली, "खण सासऱ्यांचा होता, पाऊल माझं होतं."

ती त्याच्याशी बोलत नव्हती. बबीनाहून आल्यापासून एक अक्षर नाही. जेवण वाढायची, कपडे धुवायची, पण शब्द नाही.

मी म्हटलं, "परत काढ. आजच्या आज काढ. मी टाइल्स बसवते."

"नाही निघणार," विश्वंभर म्हणाला. "एकदा निघतो. दुसऱ्यांदा उचलला तर तुकडे होतात."

बस्स. म्हणजे मी एका रागाच्या वाक्याने त्या बाईच्या दारातून तिचं पहिलं पाऊल उपटून आणलं होतं, वर त्याच खणावर सुनेला आणि मुलाला रांगायला लावून हसले होते. पुरणपोळ्यांचा डबा कोणाच्या हातात दिला, रिक्षा कशी पकडली, काही आठवत नाही. घरी आल्यावर हॉलमधून जायला धीर होईना. मागच्या दाराने आत गेले. पुढचे कितीतरी दिवस मी भिंतीच्या कडेकडेने चालत होते.

चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असतं. झाँसीतली उरलीसुरली मराठी घरं त्या निमित्ताने एकत्र येतात. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. मी लीलाला स्वतः जाऊन बोलावलं. ती येईल असं वाटलं नव्हतं. बाकीच्या बायका जमल्या, सतरंजीवर बसल्या, त्यांच्यातल्या स्वातीने गौरीचं गाणं धरलं, आणि तेव्हा दारात चप्पल काढताना लीला दिसली.

कोणता खण, कुठे, मी तिला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं हेच सुचत नव्हतं. आमच्या हॉलचे चौपन्न खण, सगळे सारखे, सगळे चकचकीत. अक्षतला टॉर्च लावून सापडला नव्हता. मला स्वतःला मोजावं लागायचं.

लीला आत आली. तिसऱ्या रांगेतून सरळ चालत हॉलच्या मध्यापर्यंत गेली, सतरंजीच्या कडेपाशी थांबली, खाली वाकली आणि सतरंजीची कड उलटी दुमडली. त्या खणाच्या कोपऱ्यात पट्टीला चिकटून शिंपल्याचा एक लांबट तुकडा आहे. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. तिने त्याच्यावर अंगठा फिरवला. मग उभी राहून उजवं पाऊल आधी ठेवलं, मग डावं. गाणं म्हणता म्हणता स्वाती थांबली. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पन्ह्याचं तांब्या-भांडं हातात धरून उभी.

लीला त्या खणावर मांडी घालून बसली.

"ताई," ती म्हणाली, "त्यांना फोन करून सांगा, सापडला म्हणून. मी नाही बोलणार."

मी स्वैपाकघरात जाऊन फोन लावला.

"विश्वंभर, सापडला."

"कोणाला?" तो पलीकडून ओरडला. "काय सापडलं?"

"खण. लीलाला. आल्या आल्या, न विचारता."

पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं, फोन चुकून डाव्या कानाला धरला असेल. मी पुन्हा सगळं मोठ्याने सांगितलं.

"ऐकलं मी," तो म्हणाला. किती हळू. "उभी आहे का त्याच्यावर?"

"बसली आहे."

"मग तिला उठवू नका, ताई," तो म्हणाला. "सगळ्या गेल्या तरी उठवू नका."